दरडीतला दगड

1997 चा जून. शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले होते. पाऊस अजून आला नव्हता आणि भीमेचं पाणी पार तळाला गेलं होतं. मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा माझ्याकडं आला. दप्तरातून त्यानं फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. ठेवताना जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. दगड ठेवल्यासारखा आवाज होता तो.

“सर, दरडीत घावलं. हाडावानी दिसतंय, पण लई जड हाय.”

मी ते हातात घेतलं. मधे गोल ठोकळा, त्याच्या मागं एक भोक, भोकाच्या वर मोडलेला काटा. रंग तपकिरी, खाचांमध्ये चुनखडी घट्ट बसलेली. मोजून अर्धं मिनिट मी ते पाहिलं असेल. मग म्हणालो, “म्हशीचं असंल. मढी टाकतात नदीला, त्यातलं. टाकून दे आणि हात धू.” भोवतीची पोरं हसली. त्या मुलाचा चेहरा पडला. सुट्टी संपायच्या आत त्यानं ते शाळेच्या मागच्या ओढ्यात भिरकावून दिलं. मी खिडकीतून पाहत होतो.

मी विज्ञानाचा शिक्षक होतो. 30 वर्षं शिकवलं. 2019 साली निवृत्त झालो. त्या अर्ध्या मिनिटात मी काय केलं, हे मला समजायला 26 वर्षं लागली. ते लिहून ठेवतो आहे, कारण माझं मत बदललं आहे आणि ते कसं बदललं हे माझ्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं. त्यांतले कित्येक आता स्वतः शिक्षक आहेत, आणि मी सांगितलेल्याच गोष्टी ते पुढं सांगत असतील.

आमचं वडगाव रासाई शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेच्या काठावर. नदीपलीकडं दौंड तालुका. रासाईचं देऊळ, ऊस, नदीवरच्या मोटारी, उसात बिबट्या, आणि पुण्याला जायचं तर केडगावहून रेल्वे. या भागात माणसाला दोन प्रकारची जमीन ठाऊक असते: काळी आणि मुरमाड. खाली गेलं की काळा कातळ. विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तो कातळ. वर्गात मी तेच सांगायचो. आपला महाराष्ट्र लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे, लाव्ह्यात कुठलं हाड टिकायचं, तेव्हा जीवाश्म वगैरे परदेशातल्या आणि पुस्तकातल्या गोष्टी. परीक्षेपुरतं लक्षात ठेवा.

उत्क्रांतीचा धडा मी असाच शिकवला. त्यातून काय विचारलं जातं ते फळ्यावर लिहून द्यायचो: संयोजक दुवे, अवशेषांगे, पुराजीवविषयक पुरावे. पेरिपॅटस, बदकचोच्या प्लॅटिपस, फुफ्फुसमासा, ही तीन नावं पाठ करा. मग मुलांना बरं वाटावं म्हणून दशावतार सांगायचो. आधी मत्स्य, मग पाण्यात आणि जमिनीवर राहणारा कूर्म, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस नरसिंह, मग बुटका वामन. पाहा, डार्विनच्या आधी आपल्याकडं हे होतंच. वर्ग खूश व्हायचा. एखादा विचारायचा, “सर, माणूस माकडापासून झाला तर आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत?” मी हसून म्हणायचो, “तेच तर!” माझ्याकडं या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. उत्तर नाही हे मुलांना कळू नये म्हणून मी हसत होतो. मनातून मला ही सगळी गोष्ट पटलेली नव्हती. माशाची गाय होते यावर शेतकऱ्याच्या पोराचा विश्वास बसत नाही, माझाही बसत नव्हता.

2023 च्या एप्रिलमध्ये बातमी आली की केंद्राच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली फक्त आनुवंशिकता ठेवली. देशभरातल्या 1800 हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रक काढलं. माझी नात पुण्यात त्याच अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकते. मला वाटलं, बरं झालं, पोरांचं ओझं कमी झालं. बारावीला जीवशास्त्र घेतील ते शिकतील. एवढ्या लोकांनी एवढा गदारोळ का करावा? मी एका मासिकाला पत्र लिहायचं ठरवलं. 30 वर्षं शिकवलेल्या माणसाचा अनुभव म्हणून. पत्र भक्कम व्हावं यासाठी आधी थोडं वाचावं, म्हणून आपल्या राज्य मंडळाचं दहावीचं विज्ञानाचं भाग दोनचं पुस्तक काढलं. त्यात हा धडा पहिलाच आहे आणि अजून आहे. तो वाचून संपवला आणि आणखी खोलात जाऊ लागलो. ते पत्र कधी लिहून झालं नाही.

पहिला अडसर कानात आला. आपल्या मधल्या कानात तीन इवलीशी हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. मी ती शेकडो वेळा फळ्यावर काढली आहेत. ती तिथं आली कुठून, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. सरड्याच्या, मगरीच्या कानात एकच हाड असतं. मात्र त्यांचा खालचा जबडा अनेक हाडांचा बनलेला असतो आणि त्यांच्या जबड्याची बिजागरी ज्या दोन हाडांत असते ती आपल्या जबड्यात नाहीत. आपला खालचा जबडा प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा. मग ती दोन हाडं गेली कुठं? 1837 साली राइशर्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं गर्भांचा अभ्यास करून दाखवलं की ती कानात गेली. हातोडी आणि ऐरण म्हणजे सरपटणाऱ्या पूर्वजांच्या जबड्याची बिजागरी. डार्विनचं पुस्तक 1859 चं, म्हणजे हे त्याच्याही 22 वर्षं आधीचं. नंतर खडकांतून असे छोटे प्राणी मिळाले ज्यांच्या जबड्यात जुनी बिजागरी आणि नवी बिजागरी दोन्ही शेजारीशेजारी होत्या. कांगारूच्या वर्गातल्या प्राण्यांचं नवजात पिल्लू आजही कानाची ही हाडं जबड्याला चिकटलेली घेऊन जन्मतं आणि वाढताना ती सुटी होतात.

त्या रात्री मी जेवताना गप्प होतो. घास चावताना कानापुढं बोट ठेवलं की जबडा हलताना लागतो. जबड्याचा सांधा आणि कानातली ती हाडं किती जवळजवळ आहेत! माशाची गाय एका रात्रीत होते असं कुणी म्हटलेलंच नव्हतं. म्हणणं एवढंच होतं की एका कामाचं हाड हळूहळू दुसऱ्या कामाला लागतं. आणि शेतकरी तर जन्मभर तेच करतो. मोडलेल्या कुळवाची पास विळ्याला लावतो.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेलो. आमच्याकडं अजून एक खिल्लार जोडी आहे. बैल मी लहानपणापासून धुतले आहेत, पोळ्याला त्यांची शिंगं रंगवली आहेत. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचे पाय पाहिले. पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो ते बैलाचं मनगट आहे. खरा कोपर वर, छातीच्या जवळ. मनगटाखालची लांब नळी म्हणजे तळहातातली दोन हाडं एकमेकांना जुळून झालेली. फटीचा खूर म्हणजे मधलं बोट आणि अनामिका, नखावर उभी. खुरांच्या मागं वर दोन छोटी खुरं लटकतात, ती उरलेली दोन बोटं. अंगठा गेलेला. मी बैलाचा पाय धरून उकिडवा बसलो आणि माझा हात त्याच्या शेजारी धरला. हाडं तीच, त्याच क्रमानं. मानेत मणके सात, माझ्याही सात. जिराफाच्याही सात. घरातल्यांना वाटलं बैलाला काटा लागला.

जमिनीच्या कागदपत्रांत जो अडकला आहे त्याला हे समजावणं सोपं आहे, असं मला आता वाटतं. सातबाऱ्यावर आज चार नावं दिसतात. मागचे फेरफार काढत गेलं की आजोबा, पणजोबा, शेवटी एकच नाव. मधे बक्षीसपत्र, वाटणी, नावातली चूक, सगळं नोंदलेलं. माझा चुलतभाऊ माझा पूर्वज नाही आणि मी त्याचा नाही. आमचा पणजोबा एक. आजची माकडं माणूस का होत नाहीत याचं उत्तर हेच आहे: ती आपली भाऊबंद आहेत, आपले पूर्वज नाहीत. हे उत्तर नववीच्या मुलाला दोन मिनिटांत कळलं असतं. मी 30 वर्षं ते दिलं नाही.

दशावताराबद्दलही बोललं पाहिजे. रासाईला मी आजही जातो, एकादशीही करतो. माझ्या श्रद्धेला या वाचनानं धक्का बसलेला नाही. पण अवतारांची ती तुलना मी आता करणार नाही. एक तर ती कथा दुसऱ्याच हेतूनं सांगितलेली आहे, तिला विज्ञानाची साक्ष द्यायला उभं करणं हा तिच्यावरही अन्याय आहे. दुसरं असं की त्यातून मुलांच्या डोक्यात शिडी बसते. खाली मासा, वर माणूस, आणि चढत चढत आपण पोचलो. शिडी नाहीच मुळी. वडासारखं फांद्याफांद्यांनी पसरलेलं झाड आहे. भीमेतला मरळ मासा माझ्याइतकाच आजचा आहे, तो कुठं मागं राहिलेला नाही.

वाचता वाचता मला नागपूरच्या एका भूवैज्ञानिकाची गोष्ट भेटली आणि माझ्या मनातली अढी तिथं निघाली. धनंजय मोहबे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. 1984 साली गुजरातेत ढोली डुंगरीला चुनखडीच्या खडकातून त्यांनी डायनोसॉरची अंडी आणि शेजारची हाडं काढली. 1987 मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली: अंडी आणि नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू. 2001 साली मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन नागपूरला आले आणि त्यांनी तो दगड पाहिला. पिल्लाच्या हाडांमध्ये काही मणके वेगळे होते. सापाच्या मणक्यांना जास्तीचा एक सांधा असतो, एका मणक्याचा खुंटा पुढच्याच्या खोबणीत बसतो, त्यामुळं साप वळवळला तरी पिळला जात नाही. तो सांधा या मणक्यांना होता. मोहबेंच्या पिल्लाशेजारी, फुटलेल्या अंड्याभोवती साडेतीन मीटरचा साप वेटोळं घालून बसलेला होता. पिल्लू नुकतंच अंड्यातून बाहेर पडलं होतं, आणि 6 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी चिखलानं त्या सगळ्यांना एकदम झाकलं. 2010 मध्ये दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून ते जाहीर केलं. सापाचं नाव ठेवलं सनाजेह इंडिकस.

मला साप महत्त्वाचा वाटला नाही. मोहबेंनी स्वतःचंच जुनं म्हणणं दुरुस्त केलं, हे मला महत्त्वाचं वाटलं. पाहुण्या माणसाला त्यांनी दगड दाखवला, तो वेगळं म्हणाला तेव्हा ते ऐकलं, त्याच्याबरोबर पुन्हा त्या जागी काम केलं आणि नव्या शोधनिबंधावर स्वतःचं नाव घातलं. माझ्या टेबलावर एक मुलगा असाच एक मणका घेऊन आला होता. हो, आता मला वाटतं तो मणकाच होता. मधला ठोकळा, मागचं भोक, वरचा काटा. मज्जारज्जू त्या भोकातून गेलेला असणार. मोहबेंनी 17 वर्षं दगड जपून ठेवला म्हणून त्यातला साप सापडला. मी अर्ध्या मिनिटात निकाल दिला.

असंच आणखी एक. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या आसपास भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड त्यांच्या घरी वर्षानुवर्षं पडून होते. त्यांच्या निधनानंतर पत्नीनं ते अभ्यासासाठी दिले. सफाई करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं असं हाड दिसलं जे फक्त देवमाशांच्या वंशात असतं. मांजराएवढा, हरणासारख्या पायांचा तो प्राणी, इंडोह्यूस, देवमाशाचा जवळचा भाऊबंद निघाला. ते 2007 साल होतं. पुन्हा कानच.

पण आमच्या कातळाचं काय? हा प्रश्न मी स्वतःलाच घातला आणि इथंही मी चुकलोच होतो. लाव्हा सलग ओतला गेला नाही. एक थर आला, मधे बराच काळ गेला, तळी साचली, गवत उगवलं, मग दुसरा थर आला. त्या मधल्या काळातल्या गाळात प्राणी सापडतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशा गाळातून इवल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि 1847 साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. आमच्या शाळेच्या सहली वरळीच्या समुद्रावर जात होत्या. दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट मुलांना तिथं उभं राहून मी सांगू शकलो असतो.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तिथं शेतात डायनोसॉरची हाडं मिळतात आणि त्याहून जास्त मिळते त्यांची दगड झालेली विष्ठा. शेण म्हणा. 2005 साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्या शेणाच्या दगडांत गवताचे सूक्ष्म खडे दाखवले. त्याआधी सगळे मानत होते की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं. भाताचे दूरचे नातेवाईक तेव्हा होते, हे विदर्भातल्या एका गावच्या शेणानं सांगितलं आणि जगानं मत बदललं. ज्वारी, बाजरी, ऊस सगळं गवतच. शेणाचं मोल ज्याला कळतं अशा गावात मी हे शिकवत होतो, आणि मला ठाऊक नव्हतं.

आता भीमेकडं येतो. कातळाच्या वर नदीनं आणलेला गाळ आहे. दरड उभी कापलेली दिसते तिथं पाहा: वर काळी माती, तिच्याखाली पिवळट गाळ, त्यात चुनखडीचे खडे, आणि तळाला गोटे आणि वाळू चुन्यानं जखडून दगडासारखी झालेली. नदीत बुडालेलं जनावर लवकर गाळाखाली गेलं तर कुत्री-कोल्ही त्याला ओढत नाहीत. चुनायुक्त पाणी हाडाच्या बारीक पोकळ्यांत झिरपत राहतं, पोकळ्या भरत जातात. हजारो वर्षांनी हाड हाडाच्याच आकाराचं राहतं, पण जड होतं. “लई जड हाय.” त्या मुलानं पहिल्याच वाक्यात नेमकी खूण सांगितली होती.

आमच्याच शिरूर तालुक्यातलं घोड नदीच्या काठचं इनामगाव सगळ्यांना नावानं माहीत आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1968 पासून बारा हंगाम उत्खननं केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांची ती कामगिरी. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातलं शेतकऱ्यांचं गाव, घरं, धान्याच्या कणग्या, रांजणांत पुरलेली लेकरं. तिथली जनावरांची हाडं हाडंच आहेत, तीन हजार वर्षं म्हणजे त्या मानानं काल. पण त्याच घोड खोऱ्यातल्या कितीतरी जुन्या गाळात दगड झालेली हाडं मिळाली आहेत. काजळे, बदाम आणि राजगुरू यांनी 1976 मध्ये या खोऱ्याचा तो जुना इतिहास मांडला, आणि 1979 मध्ये बदाम यांचा भारतातल्या हिमयुगीन प्राण्यांवरचा ग्रंथ डेक्कन कॉलेजनं काढला. रानबैल होता, ज्याला शास्त्रज्ञ बॉस नमाडिकस म्हणतात, आपल्या वशिंडाच्या गुरांचा रानटी पूर्वज. माझी खिल्लार जोडी त्याची वारस. हत्ती होता. गोदावरीवर नांदूर मध्यमेश्वरच्या गाळातल्या प्रचंड हत्तीवर पिलग्रिम यांनी 1905 सालीच लिहिलं होतं. नर्मदेत आणि लातूरकडं मांजरेत पाणघोडा होता. भारतात तो सुमारे 16 हजार वर्षांपूर्वीपर्यंत तरी होता, असं 2019 मधलं संशोधन सांगतं. चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, माणसानं नक्षी कोरलेली.

घोडला मिळणाऱ्या कुकडीच्या काठी, जुन्नर तालुक्यात बोरीला, ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सुमात्रातल्या तोबाच्या 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, असं काही अभ्यासक म्हणतात. काहींच्या मते ती कित्येक लाख वर्षं जुनी. वाद आहे. पूर्वी असा वाद ऐकला की मी म्हणायचो, यांचंच ठरत नाही तर आम्ही काय शिकवायचं? आता मला कळतं की भांडण राख कधी पडली यावर आहे. पडली की नाही यावर नाही. आणि ते भांडण मोजमाप करून, पुन्हा माती काढून मिटवायचं असतं.

कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला. हत्ती आणि रानबैल या पाण्यावर येत होते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा जो इतिहास मी परदेशातला म्हणून सांगत होतो त्याचं एक पान आमच्या नदीत होतं, आणि ते उचलून आणलेल्या मुलाला मी हात धुवायला पाठवलं होतं.

मागच्या वर्षी मी त्याला शोधलं. तो गावातच आहे, ऊस करतो, पोरगी आठवीत आहे. मी त्याच्या ओट्यावर बसलो आणि सांगितलं की त्या दिवशी मी चुकलो होतो. त्याला सगळं आठवत होतं. “सर, मला वाटलं व्हतं तुमी कपाटात ठिवाल,” एवढंच तो म्हणाला. मग म्हणाला, “चला, जागा दावतो.”

आम्ही ओढ्याकडं गेलो. ओढ्यावर आता पाइप टाकून रस्ता केला आहे. मग नदीला गेलो, जिथं त्याला ते मिळालं होतं त्या दरडीपाशी. ती दरड नाही. वर्षानुवर्षं वाळू उपसली गेली, तळाचा जखडलेला गोटासुद्धा यंत्रानं फोडून नेला, मग पुरानं वरचा गाळ ढासळला. तिथं आता पाणी आहे. किती ब्रास वाळूबरोबर काय काय गेलं आणि कुठल्या इमारतीच्या काँक्रीटमध्ये बसलं, कुणी सांगू शकणार नाही. मी कुणा एकावर बोट ठेवत नाही. आमच्या नव्या घराच्या गिलाव्याची वाळूही याच नदीची आहे.

तो मणका रानबैलाचा होता की खरंच म्हशीचा, हे आता कधीच कळणार नाही. मीच बरोबर असण्याचीही शक्यता आहे. तरीही माझी चूक तेवढीच राहते, कारण मी पाहिलं नव्हतं. विज्ञान शिकवणाऱ्यानं ‘माहीत नाही, विचारू या’ म्हणायचं असतं, तिथं मी ‘टाकून दे’ म्हणालो. पुणे जवळ होतं. एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

पुस्तकातून धडा काढला तर ओझं कमी होईल, असं मला वाटत होतं. आता मला वाटतं की हा धडा दहावीच्याही आधी, पाचवी-सहावीतच, गोठ्यात बैलाचा पाय धरून शिकवावा. दहावीनंतर आमची निम्मी मुलं शाळा सोडतात किंवा विज्ञान सोडतात. बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत जे पोचतात त्यांच्यासाठीच हे ज्ञान राखून ठेवलं तर नदीवर रोज जाणाऱ्या माणसाला ते कधीच मिळणार नाही. आणि दरडीतलं हाड पहिल्यांदा त्यालाच दिसणार आहे. मोटार उचलायला गेलेल्याला, जनावर पाण्यावर नेणाऱ्याला, वाळूच्या खड्ड्यातल्या मजुराला.

म्हणून भीमा, घोड, कुकडी, मुळा-मुठेच्या काठच्या माझ्या लोकांना आणि शिक्षकांना विनंती आहे. दरडीत हाडासारखं काही दिसलं आणि ते हाडापेक्षा जड लागलं, तर फोडू नका, धुऊ नका, घरी आणायची घाई करू नका. दरडीत आहे तसं असतानाच फोटो काढा, शेजारी एक पेन किंवा नाणं ठेवून. वरून किती खाली आहे, कुठल्या रंगाच्या थरात आहे, कुणाच्या शेताच्या बांधाला आहे, ते वहीत लिहा. दगडाइतकीच त्याची जागा मोलाची असते, जागा गेली की दगडाचं वय सांगणं अवघड होतं. मग डेक्कन कॉलेजला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पुणे कार्यालयाला कळवा. त्यांनी म्हशीचं म्हणून सांगितलं तर म्हशीचं. आपलं काही जात नाही.

त्या मुलाची पोरगी दर रविवारी माझ्याकडं येते. तिनं एक वही केली आहे, पहिल्या पानावर नदीचा नकाशा काढला आहे. पहिली नोंद 1997 ची आहे, तिच्या वडलांच्या नावानं. ‘काय सापडलं’ या रकान्यात तिनं मणक्याचं चित्र काढलं आहे, मी सांगितलं तसं. ‘सध्या कुठे आहे’ हा रकाना कोरा आहे.